मजा आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही हवं असेल तर आधी गाडीचं वजन बघ

पत्र: दादा, मला गाडी चालवायला मनापासून आवडतं. रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात, अर्धा रस्ता गर्दीचा, अर्धा मोकळा, महिन्याला धर हजार किलोमीटर, आणि सुट्टी मिळाली की घाट गाठते. आधी डिझेल होती, तिची खालच्या आरपीएमची ओढ अजून आठवते, पण आता पेट्रोलच घ्यायची हे नक्की. यादीत तीन राहिल्यात: १.२ लिटरची साधी हलकी हॅचबॅक, १.० टर्बोची हॅचबॅक आणि १.५ टर्बोची ऑटोमॅटिक एसयूव्ही. घरचे म्हणतात मजा हवी तर अ‍ॅव्हरेज विसर, अ‍ॅव्हरेज हवं तर मजा विसर. खरंच असं आहे का? हायब्रिड बघू का? आणि कंपनीच्या मायलेजच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

उत्तर:

घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मजा म्हणजे हॉर्सपॉवर असं धरलं तर हो, अ‍ॅव्हरेज विसरावंच लागतं. पण तू पत्रात टॉप स्पीडचा विषयच काढलेला नाहीस, तू लिहिलंयस घाट आणि ओढ, आणि ती मजा वेगळ्याच ठिकाणाहून येते. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळणं, वळणातून बाहेर पडताना सेकंडमध्ये गाडीने पटकन उचलणं, ब्रेक दाबल्यावर पाहिजे तिथे थांबणं, यासाठी गाडी हलकी आणि बुटकी लागते, आणि हलकी बुटकी गाडीच पेट्रोल कमी पिते. म्हणून शोरूममध्ये गेलीस की बीएचपीच्या (हॉर्सपॉवरच्या) आधी कर्ब वेट, म्हणजे माणसं-सामान नसतानाचं गाडीचं वजन, विचार. सेल्समनला बऱ्याचदा माहीत नसतं, मग स्पेसिफिकेशनचा कागद मागून घे, त्यात असतं.

वजनाने किती फरक पडतो ते आकड्यांत सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की गाडी निवडायची नजरच बदलते. १,००० किलोची गाडी ताशी ८० वर आहे आणि तू ब्रेक मारून पूर्ण थांबवलीस, तर त्या वेगात साठलेली सगळी ऊर्जा ब्रेकच्या डिस्क तापवण्यात गेली. परत ८० ला यायला, इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव हिस्सा चाकापर्यंत पोचवतं असं धरलं, तर जवळपास ३० मिली पेट्रोल लागतं. १,३०० किलोच्या गाडीला तेच ४० मिली. एका थांब्याला १० मिलीचा फरक काहीच वाटत नाही पण तुझा अर्धा रस्ता गर्दीचा आहे, तिथे असं थांबणं-निघणं दिवसभर चालू असतं (वेग कमी असतो हे खरं, पण वेळा कितीतरी जास्त), आणि घाट चढताना तर प्रत्येक जादा किलो वर ओढून न्यायचा खर्च वेगळा.

हे नुसतं कागदावरचं नाही, गाड्यांमध्ये दिसतं. माझ्दाची एमएक्स-५ १९८९ पासून आहे, दोन सीटची उघडी छोटी गाडी, चालवायच्या मजेसाठी जगभर नाव आहे तिचं, आणि तिच्या आत्ताच्या पिढीतल्या १.५ लिटरच्या गाडीचं वजन साधारण १,००० किलो आणि अधिकृत आकडा १०० किलोमीटरला ६.३ लिटर, म्हणजे लिटरला जवळपास १६. स्पोर्ट्स कार आहे ही! सुझुकीची २०१७ ची स्विफ्ट स्पोर्ट घे, १.४ टर्बो, १४० हॉर्सपॉवर, आणि वजन १,००० किलोच्या आत, त्यामुळे एवढ्या जोराची गाडी असून साधं चालवलं तर फार पीत नाही. उलटं उदाहरण बघायचं तर टोयोटा यारिस. तिचा हायब्रिड अवतार, म्हणजे इंजिनासोबत बॅटरीवरची मोटर असलेला, अधिकृत चाचणीत १०० किलोमीटरला ४ लिटरच्या आसपास घेतो, आणि २०२० मध्ये आलेली जीआर यारिस, म्हणजे २६१ हॉर्सपॉवरच्या आसपासचं १.६ टर्बो, चारही चाकांना ताकद, १,२८० किलो, ती ८ च्या पुढे. नाव तेच, पेट्रोल दुप्पट. जीआर यारिस अफाट गाडी आहे, ज्याला रॅलीची हौस आहे त्याने जरूर घ्यावी, पण तुझ्या रोजच्या ४० किलोमीटरमध्ये तिची पाव ताकदही वापरली जाणार नाही.

याच कारणाने तुझ्या यादीतली एसयूव्ही मी पहिल्यांदा काढतो. ती वाईट आहे म्हणून नाही, पण उंच गाडी हवेत मोठं भोक पाडत जाते आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १२० ला गेलीस की तो सव्वादोन पट होतो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर एसयूव्हीचं अ‍ॅव्हरेज हॅचबॅकपेक्षा जास्त पटकन कोसळतं. शिवाय वजन वर असल्यामुळे वळणात कलते, ते आवरायला कंपनी सस्पेन्शन कडक करते, आणि मग खड्ड्यात आपटते. तुला खराब रस्त्याची किंवा उंच बसायची गरज असती तर वेगळं बोललो असतो, तसं काही पत्रात नाहीये.

इथे एक हिशेब सांगून ठेवतो कारण किलोमीटर प्रति लिटर या आकड्याने भले भले फसतात. लिटरला १४ वरून १८ ला गेलीस तर हजार किलोमीटरला ७१.४ लिटरचे ५५.६ झाले, जवळपास १६ लिटर वाचले. तेच १८ वरून २२ ला गेलीस तर ५५.६ चे ४५.५, म्हणजे १० च. दोन्हीकडे फरक ४ चाच दिसतो पण वाचणारं पेट्रोल कमी कमी होत जातं. म्हणून २० च्या पुढच्या गाड्यांमध्ये एक-दोन किलोमीटरसाठी जीव पाखडू नकोस, आवडती गाडी सोडून जास्त अ‍ॅव्हरेजवाली घेतलीस तर महिन्याला तीन-चार लिटर वाचतील आणि रोज सकाळी चावी हातात घेताना मन मात्र खट्टू होईल. एसयूव्ही ते हॅचबॅक हा फरक मोठा आहे, दोन हॅचबॅकमधला छोटा.

आता खरा प्रश्न, १.२ साधं की १.० टर्बो. साधं इंजिन, म्हणजे टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं, पाय दाबशील तसं सरळ उत्तर देतं, मध्ये वाट बघावी लागत नाही, आणि वर ४,००० च्या पुढे पिळलं की गायला लागतं, काही लोकांना तीच मजा हवी असते आणि मला ते पूर्ण पटतं. अशी इंजिनं अ‍ॅव्हरेजलाही कमी नाहीत, माझ्दाने २०११ मध्ये स्कायअ‍ॅक्टिव्ह-जी इंजिन आणलं तेव्हा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं तो आकडा, १४:१ वर नेऊन ठेवला होता, साध्या पेट्रोल इंजिनात तो फारच वरचा आकडा, आणि कॉम्प्रेशन जास्त म्हणजे तेवढ्याच पेट्रोलमधून काम जास्त. पण १.२ च्या साध्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, साधारण ११० न्यूटन मीटरच्या आसपास असतो आणि तोही वरच्या आरपीएमला भेटतो. तू डिझेलवरून येते आहेस, तुला थर्डमध्ये ४० वरून नुसता पाय दाबला की गाडी निघाली पाहिजे ही सवय आहे, ती सवय हे इंजिन पुरवणार नाही, एक गियर खाली टाकावाच लागेल.

१.० टर्बो तिथे जिंकतं. १७० ते २०० न्यूटन मीटर आणि तेही १,५०० ते २,००० आरपीएमच्या दरम्यानच हातात येतो, हे डिझेलच्या खूप जवळचं आहे. वर आणि एक फायदा घाटाचा, उंचीवर हवा विरळ होते म्हणून साधं इंजिन दर १,००० मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं, टर्बो ती बरीचशी भरून काढतो. छोटं टर्बो इंजिन अ‍ॅव्हरेज का देतं हेही समजून घे: ताशी १०० ने सपाट रस्त्यावर जायला छोट्या गाडीला साधारण २० हॉर्सपॉवर पुरतात, मोठं इंजिन एवढ्याशा कामाला थ्रॉटल (हवेची झडप) जवळपास बंद ठेवून चालतं आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच त्याची शक्ती वाया जाते. छोटं इंजिन तेच काम मोकळ्या श्वासाने करतं. फोर्डचं १.० इकोबूस्ट, तीन सिलिंडरचं, याच विचारातून आलं आणि २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन वर्षं इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर ठरलं. ते ज्या फिएस्टामध्ये बसायचं तिचं उत्पादन २०२३ मध्ये थांबलं, पण स्टिअरिंग आणि चेसिस अजूनही दुसऱ्या गाड्या मोजायचं माप आहे असं माझं मत.

पण टर्बोचं अ‍ॅव्हरेज तुझ्या उजव्या पायावर आहे, हे साध्या इंजिनापेक्षा इथे कितीतरी जास्त लागू पडतं. सतत बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो जोरात फिरत, ठेवलंस तर बरीच इंजिनं तापमान आवरण्यासाठी जादा पेट्रोल सोडतात आणि मग ते १.० चं इंजिन मोठ्या इंजिनासारखं प्यायला लागतं. दुसरं म्हणजे १,२००-१,३०० आरपीएमला वरच्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबून ओढायची डिझेलवाली सवय मोडावी लागेल. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बोमध्ये तशाने वेळेआधी ठिणगीशिवाय पेट घ्यायचा प्रकार होऊ शकतो, पिस्टनला धोका असतो, २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी ग्रेडच्या ऑइलमध्ये मुद्दाम याचा विचार केलाय. तेव्हा ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, लिहिलंय तेव्हाच. आणि काही छोट्या टर्बो इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजत फिरतो, तुझ्या यादीतल्या गाडीत बेल्ट आहे की चेन हे आधी विचार, तसा बेल्ट असेल तर ऑइलमध्ये काटकसर अजिबात नको.

गियरबॉक्सबद्दल माझं मत ठाम आहे, तू मॅन्युअल घे. तुला गाडी चालवायची आहे, तिच्यात बसून जायचं नाहीये, आणि छोट्या इंजिनात योग्य गियर निवडणं हीच अर्धी मजा असते. अर्धा रस्ता गर्दीचा आहे म्हणून क्लचचा कंटाळा येत असेल तर डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) किंवा चांगला टॉर्क कन्व्हर्टर (नेहमीची ऑटोमॅटिक) बघ, दोन्ही पटकन गियर टाकतात. डीसीटी ड्राय क्लचवाली असेल तर तुंबलेल्या गर्दीत रांगत राहिलं की क्लच तापतो, एवढं विचारून घे. सीव्हीटी (ठरावीक गियर नसलेली ऑटोमॅटिक) अ‍ॅव्हरेजला उत्तम पण पाय दाबला की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागून येते, तुझ्यासारखीला ते महिनाभरात खुपायला लागेल.

हायब्रिड. गर्दीत पेट्रोल वाचवायला याच्या तोडीचं काही नाही कारण वर सांगितलेली ती ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा हायब्रिड थोडीफार परत बॅटरीत घेते, आणि टोयोटाची नवी हायब्रिड इंजिनं जास्तीत जास्त ४०-४१ टक्क्यांपर्यंत कार्यक्षमता गाठतात, पेट्रोलसाठी हे खूपच चांगलं. सिग्नलवरून निघताना मोटरमुळे चटकन सुटतेही. पण घाटात पाय दाबून ठेवलास की इंजिन एकाच सुरात वर टांगून राहतं, हातात गियर नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर फायदा कमी होतो. तुझा हजार किलोमीटरचा महिना, २० ची गाडी ५० लिटर घेईल, २५ ची हायब्रिड ४०. महिन्याला १० लिटर. हायब्रिडसाठी जे जादा पैसे मागतायत ते या १० लिटरने किती वर्षांत फिटतात ते काढ, तुझं रनिंग दुप्पट असतं तर मी हायब्रिडच सांगितली असती.

कंपनीचा आकडा गाड्यांची एकमेकांशी तुलना करायला चांगला, तुझ्या खिशाचा अंदाज बांधायला नाही. चाचणी कुठली तेही बघ. जुनी युरोपियन चाचणी एनईडीसी जेमतेम ११ किलोमीटरची, फार हळुवार चालवायची, त्यामुळे आकडे फुगायचे. तिच्या जागी २०१७ पासून आलेली डब्ल्यूएलटीपी सुमारे २३ किलोमीटरची आहे, १३० पर्यंत वेग जातो, ती खऱ्याच्या बरीच जवळ जाते. एका गाडीचा एका चाचणीतला आकडा आणि दुसरीचा दुसऱ्या चाचणीतला असे शेजारी ठेवून तुलना करू नकोस. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर लिटरमागे ऊर्जा कमी, १० टक्के इथेनॉलला साधारण ३ टक्के अ‍ॅव्हरेज जातं. आणि गाडी घेतल्यावर डॅशबोर्डवरचा आकडा धरून बसू नकोस, तो बऱ्याचदा थोडा जास्तच दाखवतो, टाकी ऑटो कटपर्यंत भर, ट्रिप मीटर शून्य कर, परत त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भर आणि भाग, तीन-चार टाक्यांची सरासरी घे. एका टाकीवरून काहीही ठरत नाही.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन ज्या गुळगुळीत रस्त्यावर नेतो तिथून मजा कळणार नाही. तुझ्या रोजच्या रस्त्यावर न्यायची परवानगी माग, आणि गाडी सुरू करायच्या आधी पाच मिनिटं नुसती सीट लाव, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहतो का, स्टिअरिंग पुढे-मागे होतं का, कारण बसायलाच अवघडलीस तर बाकी सगळं वाया. मग गर्दीत सेकंडमध्ये १०-१५ च्या वेगाने रांगत जा आणि पाय अलगद दाब, टर्बो झटका देतो का, तीन सिलिंडरची थरथर पॅडलमध्ये येते का. मोकळ्यात थर्डमध्ये ४० वरून ७०-८० कर, हे तुझं ओव्हरटेक आहे, ० ते १०० चा आकडा रोजच्या आयुष्यात कधी वापरला जात नाही. एखाद्या वळणात मध्येच खड्डा किंवा जोड असेल तिथून जा, चांगली गाडी तिथे अंग चोरत नाही, जी उडी मारून लाइन सोडते ती घाटात तुला घाबरवेल. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग एक-दोन अंश हलव आणि नाक हलतं का बघ, मधे मेलेलं असेल तर मोठ्या प्रवासात हात थकतात.

आणि चालवायचं कसं तेही बोलतो कारण मजा आणि अ‍ॅव्हरेज तिथे खरंच एकत्र येतात. अ‍ॅव्हरेजसाठी मुंगीसारखं रांगत वेग वाढवायची गरज नाही, पेट्रोल इंजिन मध्यम आरपीएमला बऱ्यापैकी भाराखाली असताना सगळ्यात कमी वाया घालवतं, म्हणून २,०००-२,५०० च्या दरम्यान खणखणीत पिकअप घे आणि लवकर वरच्या गियरला जा. लांब बघ. पुढे सिग्नल लाल दिसला की पाय काढ, गियरमध्येच राहू दे, इंजेक्टर पेट्रोल बंद करतात, न्यूट्रल केलंस तर उलट आयडलिंगपुरतं जळत राहतं आणि उतारावर ताबा जातो तो वेगळा. घाटात वळणाच्या आधी पाय काढून वेग आपोआप उतरू द्यायचा, ब्रेक थोडाच, आणि ज्या वेगाने वळणात शिरलीस तोच वेग सांभाळून बाहेर पडायचं. हे जमायला लागलं की पॅसेंजरची मान हलत नाही, पेट्रोल वाचतं, आणि अशी वळणामागून वळणं घेण्यात जी मजा आहे ती सरळ रस्त्यावर पाय दाबण्यात मला तरी कधी मिळालेली नाही. हलकी गाडी इथेच कामाला येते, वेग टाकावाच लागत नाही फारसा.

तर तुझ्या यादीतून १.० टर्बो हॅचबॅक, मॅन्युअल. डिझेलची ओढ आवडणारी, घाटात जाणारी, हजार किलोमीटरवाली, या तिन्हीला ती बसते. फक्त १.२ ची टेस्ट ड्राइव्ह त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, टर्बोच्या आधी घे. तिच्यात वजन ५०-१०० किलोने कमी असेल आणि स्टिअरिंग जास्त जिवंत लागलं, आणि गियर खाली टाकायला तुला मजा वाटली, तर बिनधास्त ती घे, देखभाल सोपी आणि टर्बोची चिंता नाही. व्हेरिएंट निवडताना १७ इंची रिमच्या मोहात पडू नकोस, १५ किंवा १६ घे. मोठं रिम जड असतं, टायर रुंद होतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि साइडवॉल बारीक झाल्यामुळे खड्डा थेट कमरेत येतो. टायर बदलायची वेळ आली की कमी रोलिंग रेझिस्टन्सवाले (फिरताना कमी विरोध करणारे) बघ पण ओल्या रस्त्यावरची पकड सोडून नाही, युरोपियन लेबलवर दोन्ही अक्षरं शेजारीच असतात, ए सगळ्यात चांगलं, ई सगळ्यात खालचं, दोन्हीत बी च्या खाली जाऊ नकोस. हवा महिन्यातून एकदा, सकाळी, टायर गार असताना तपास.